शिजले की नाही, हे पदार्थासच विचारावे

गेल्या श्रावणात आमच्या मंडळाच्या पाच-सहा सभासदांनी मिळून कोंबड्यांच्या खाद्यासाठी सोयाबीनची पेंड एका लहान गिरणीतून आणविली. पोती उघडली तेव्हा माल पाहून सर्वांचे समाधान झाले. रंग सोनेरी-तांबूस, वास खमंग, हातात चोळून पाहता अगदी कोरडी. परंतु तीन आठवडे लोटतात न लोटतात तोच पिले खुरटू लागली. खाणे भरपूर, पण अंगी काही लागेना. तक्रार घेऊन गिरणीवर गेलो, तेव्हा मालकांनी दोन पुरावे पुढे केले. एक मालाचा रंग, आणि दुसरा भाजणीच्या यंत्राच्या उष्णतामानाची नोंदवही. वहीत दर तासाचा आकडा होता खरा. परंतु महिनाभराच्या साऱ्या नोंदी एकाच बैठकीत एकाच शाईने लिहिल्यासारख्या दिसत होत्या. आम्ही त्या गृहस्थांस लबाड म्हणत नाही. वही भरणारा नोकर त्या वेळी यंत्रापाशी उभा होता की घरी जेवावयास गेला होता, हे त्यांस तरी कोठून ठाऊक असणार? तथापि वाद तेथेच अडला. ते म्हणत, माल भाजलेला आहे. आम्ही म्हणत होतो, नाही. दोघांपाशीही शब्दांपलीकडे काही नव्हते.

हा वाद वाटतो तितका क्षुल्लक नाही. सोयाबीन कच्चे असता त्यात ट्रिप्सिन या पाचकरसाचे कार्य अडविणारे एक द्रव्य असते. त्यामुळे प्रथिन पोटात जाऊनही पचत नाही, आणि पिलांचे स्वादुपिंड अधिक रस स्रवण्याच्या खटपटीत फुगते. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत व तेच शिजवून दिले असता वाढतात, हे ऑसबर्न व मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच दाखविले होते. म्हणजे भाजणी ही येथे चवीची बाब नसून खाद्य आणि अपाय यांमधली सीमारेषा होय. उलटपक्षी अति भाजले तर लायसिनसारखा मोलाचा अंश करपून निकामी होतो. तेव्हा हवी ती नेमकी आच. आणि नेमकी आच डोळ्यांस दिसत नाही.

याच प्रश्नावर अमेरिकेत फार मोठी किंमत देऊन विचार झाला, व तो गोमांसाच्या निमित्ताने झाला. आमच्या राज्यात गाय, वळू व बैल यांची हत्या कायद्याने बंद असल्यामुळे तो व्यवहार वाचकांपैकी कोणाचाही नव्हे. परंतु तेथे परीक्षेचा जो मार्ग शोधला गेला, तो जाणून घेण्यास कोणाची हरकत नसावी.

१९९३ सालच्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिमेकडील वॉशिंग्टन, आयडाहो, कॅलिफोर्निया व नेव्हाडा या राज्यांत कुटलेल्या गोमांसाच्या वड्या खाऊन सातशेंहून अधिक माणसे आजारी पडली आणि चार मुले दगावली. कारण ठरला ई. कोलाय या जंतूचा एक घातक प्रकार, आणि वड्या पुरत्या शिजल्या नव्हत्या. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू असले तर ते बहुधा पृष्ठभागावर असतात व तव्याची आच त्यांस सहज गाठते. मांस कुटले की तेच जंतू मध्यभागी जाऊन बसतात. म्हणून वडीचा गाभा ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे, असे तेथील कृषिखात्याचे सांगणे आहे.

परंतु गाभा तापला हे ओळखावे कसे? पिढ्यान्‌पिढ्या तेथील गृहिणी रंगावरून ओळखीत आल्या होत्या. आत लाली असेल तर कच्चे, तपकिरी झाले तर शिजले. कॅन्सास राज्य विद्यापीठाच्या मांसशास्त्रज्ञांनी हा भरवसा पार ढासळविला. मांसातील रंगद्रव्याचा हवेशी संयोग आधीच झालेला असेल, तर वडी ५५ अंशांच्या सुमारासच तपकिरी दिसू लागते. याच्या उलट, काही मांस ७१ अंश ओलांडल्यावरही लालसरच राहते. म्हणजे रंग दोन्ही बाजूंनी खोटे बोलतो. १९९७ सालापासून त्या खात्याने लोकांस रंग न पाहता थर्मामीटर लावण्याचा उपदेश सुरू केला. आमच्या गिरणीवाल्यांचा पहिला पुरावा, म्हणजे सोनेरी-तांबूस रंग, याच जातीचा होता, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

थर्मामीटरही सर्वस्वी पुरेसा नाही. जो पदार्थ शिजवितो त्याच्यासाठी तो उत्तम साधन होय; परंतु जो शिजलेला, थंड झालेला, पेटीत बंद होऊन आलेला पदार्थ विकत घेतो, त्याने थर्मामीटर खुपसला तर त्याला कळणार काय? आजची थंडी. कालच्या आचेची आठवण पारा ठेवीत नाही. शिवाय प्रश्न केवळ किती अंश हा नसून किती वेळ हाही आहे. मंद आचेवर भाजलेल्या गोमांसासाठी अमेरिकेत जे कोष्टक ठरले, त्यात ६२.८ अंश गाठल्याबरोबर काम झाले असे मानीत, पण ५४.४ अंशांवर सुमारे दोन तास धरले तरी तेही तितकेच ग्राह्य. अशा मालाबद्दल, झाल्यावर, साक्ष कोणाची काढावी?

तेव्हा शास्त्रज्ञांनी मांसालाच बोलते करण्याची युक्ती योजिली. प्रत्येक सजीवाच्या पेशींत विकरे असतात. रसायनशास्त्रात त्यांस एन्झाइम म्हणतात. दही लावणे, फळ पिकणे, अन्न पचणे ही सारी कामे विकरांची. ही द्रव्ये प्रथिनांची बनलेली असून उष्णता लागली की आपली घडी मोडून निकामी होतात, आणि एकदा मोडलेली घडी सहसा पुन्हा बसत नाही. प्रत्येक विकराची सहनशक्ती निराळी. म्हणून ज्याची शक्ती आपल्याला हव्या त्या आचेलाच संपते असे विकर निवडावे व पदार्थात ते जिवंत आहे की मेले, एवढेच पाहावे. जिवंत असेल तर आच कमी पडली. भाजलेल्या गोमांसासाठी कॅटलेज हे विकर कामी आणले गेले. नमुना हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात सोडला असता फेस उठला, तर कॅटलेज शाबूत आहे, अर्थात मांस कच्चे आहे.

पुढे मिशिगन राज्य विद्यापीठात या विचाराला अधिक बारीक धार लावण्यात आली, व आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म तेथेच आहे. विकर अमुक अंशांवर मरते एवढे पुरत नाही. जंतू ज्या गतीने मरतो त्याच गतीने विकरही मेले पाहिजे. आच दर साडेपाच अंशांनी वाढविली की त्या घातक ई. कोलाय जंतूस मारण्याचा वेळ सुमारे एक दशांश होतो. गोमांसातील ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज नावाच्या विकराचेही गणित जवळजवळ हेच निघाले. मग मांस मंद आचेवर पुष्कळ वेळ शिजविलेले असो की प्रखर आचेवर थोडा वेळ, त्या विकराचा उरलेला अंश जंतूंच्या उरलेल्या अंशाचा हिशेब देऊ शकतो. नाव उच्चारताना जीभ अडखळते, परंतु साक्षीदार असावा तर असा.

ही परीक्षा तेथील व्यवहारात मात्र सर्वत्र रुळली नाही. कारखाने आजही मुख्यतः उष्णतामानाच्या नोंदींवरच चालतात. याला शास्त्रीय कारणेही आहेत: जनावरागणिक, स्नायूगणिक विकराचे प्रमाण बदलते, व मीठ घालण्याने किंवा गोठविण्याने त्यात फरक पडतो. परंतु आम्हांस दुसरेही एक कारण दिसते. नोंदवही विकणाऱ्याच्या घरी असते, आणि विकराची परीक्षा घेणाराही करू शकतो. ज्या परीक्षेने तराजू दुसऱ्याच्या हाती जातो, ती परीक्षा आपण होऊन कोण जवळ करील?

याचे उत्तर डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेविले आहे. १८८२ साली जटलंडातील येडिंग या गावी त्या देशातील पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली व थोड्याच वर्षांत तशा शाळांचे जाळे पसरले. शेतकरी दूध नेऊन घालीत. लोणी काढल्यावर उरलेले साय-विरहित दूध प्रत्येकाला वासरांसाठी व डुकरांसाठी परत मिळे. या परतीच्या दुधाने मोठा अनर्थ केला. शंभर गोठ्यांचे दूध एकत्र झाल्यामुळे एका गोठ्यातील क्षयी गाय साऱ्या गावाची वासरे बाधित करू लागली. पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी हा संसर्ग कसा तोडावा हे दाखवून दिले, आणि १८९८ साली कायदा झाला की, परत द्यावयाचे दूध ८५ अंशांपर्यंत तापविल्याखेरीज दुग्धशाळेबाहेर जाऊ नये.

कायदा झाला, पण पाळला कोणी हे कसे कळावे? कोळसा वाचविण्याचा मोह दुग्धशाळांस होताच. त्याच वर्षी व्हिल्हेल्म स्टॉर्क यांनी परीक्षा शोधून दिली. दुधात पेरॉक्सिडेज नावाचे विकर असते व ते ८० अंशांच्या आसपास तापविले असता नष्ट होते. नमुन्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब आणि पॅराफेनिलीन डायअमीन या द्रव्याचे थोडे पाणी घातले असता दूध निळे झाले, तर ते पुरेसे तापविलेले नाही. पांढरेच राहिले तर तापविलेले आहे. किती सोपे! गोठ्यात आलेले दूध संध्याकाळी तपासून दुग्धशाळेचा खरेखोटेपणा ताडून पाहता येऊ लागला. आणि ती दुग्धशाळा परक्या सावकाराची नव्हती, त्यांचीच होती, हे विशेष. आपल्याच संस्थेची परीक्षा घेणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखविणे असे त्यांस वाटले नाही. आमच्याकडे चेअरमनसाहेबांस नुसता हिशेब विचारला तरी रुसवा होतो.

इंग्लंडात रीडिंगजवळील शिनफील्डच्या दुग्धसंशोधन संस्थेत के व ग्रॅहॅम यांनी १९३३ ते १९३५ या काळात याच धर्तीवर फॉस्फटेज परीक्षा सिद्ध केली. पाश्चरीकरण म्हणजे ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद. फॉस्फटेज हे विकर क्षयाच्या जंतूपेक्षा किंचितच चिवट आहे. म्हणून ते मेले म्हणजे जंतू त्यापूर्वीच मेला असे धरता येते. हजार भाग तापविलेल्या दुधात एक भाग कच्चे दूध मिसळले तरी ही परीक्षा ते पकडते. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतही पाश्चरीकृत दूध या परीक्षेस उतरले पाहिजे असे कलम आहे. आपल्याकडे पिशवीतील दूध घरोघरी पुन्हा उकळतात, म्हणून याची कोणी फारशी चिकित्सा करीत नाही. परंतु तेच दूध पनीर, लस्सी, आइस्क्रीम होऊन घरात येते तेव्हा ते उकळीत कोण बसते? ज्या गावच्या दूधसंस्थेने स्वतःचे पाश्चरीकरण यंत्र घेतले आहे, तिने ही परीक्षा रोज करावी व निकाल फळ्यावर लिहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता पेंडीकडे वळू. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकर असते व ते युरियाचे अमोनियात रूपांतर करते. विकर स्फटिकरूपाने वेगळे काढण्याचा मान प्रथम याच विकराला मिळाला. आपल्या परसातील अबईच्या जातीच्या एका शेंगेतून १९२६ साली जेम्स समनर यांनी ते काढले, व त्याबद्दल १९४६ साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. युरिएज स्वतः कोंबडीला फारसे बाधक नाही. परंतु पचन अडविणारे ते द्रव्य व युरिएज जवळजवळ एकाच आचेला निकामी होतात. त्या द्रव्याची मोजणी कठीण व खर्चाची, युरिएजची सोपी. म्हणून एकाची परीक्षा करून दुसऱ्याचा अंदाज घ्यावयाचा.

प्रयोगशाळेत पेंडीचे पीठ युरियाच्या द्रावणात ३० अंशांवर अर्धा तास ठेवून द्रावणाचा सामू किती चढला ते पाहतात. ०.०५ ते ०.२० इतका चढ असेल तर भाजणी ठीक समजतात. परंतु याहून सोपी रीत गावातही करता येते. युरिया व फिनॉल रेड यांचे पिवळसर द्रावण तयार करून घ्यावे. काचेच्या बशीत पेंड पसरून ती भिजेल इतके द्रावण तीवर ओतावे व पाच मिनिटे थांबावे. जेथे युरिएज जिवंत असेल तेथे अमोनिया सुटून कण लाल होतात. तुरळक लाल ठिपके दिसले, किंवा फार तर चतुर्थांश बशी लाल झाली, तर माल घेण्यास हरकत नाही. निम्म्याहून अधिक लाल झाली तर तो कच्चा. आणि अर्धा तास वाट पाहूनही एकही ठिपका उमटला नाही, तर आनंद मानण्याचे कारण नाही. तो माल बहुधा करपलेला असतो. तेथे ही परीक्षा थांबते, कारण मेलेले विकर आणखी मरत नाही. करपलेपण ओळखण्यास पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात प्रथिन किती विरघळते हे पाहावे लागते. ते प्रमाण शेकडा ७० च्या खाली गेले तर माल अति भाजला असे मानतात.

आमच्या पेंडीचा नमुना आम्ही जवळच्या महाविद्यालयातील एका रसायनशिक्षकांकडे नेला. त्यांनी गिरणीवाल्यांच्या समक्ष बशी मांडली. चार मिनिटांत ती कुंकू सांडल्यासारखी झाली. गिरणीवाले काही वेळ तिच्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी उरलेली अठरा पोती परत न्यावयाचे कबूल केले. खुरटलेल्या पिलांची भरपाई झाली नाही, ती कोणी मागितलीही नाही. सांगण्यासारखी गोष्ट अशी की, पुन्हा भाजून आणलेल्या मालाची बशी त्यांनी स्वतःच मांडून आणली होती.

गुराढोरांच्या मालकांसही एक सूचना करणे अवश्य आहे. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरास थोडे कच्चे सोयाबीन सोसते, म्हणून कित्येकजण भाजणीची फिकीर करीत नाहीत. परंतु ज्या पशुखाद्यात युरिया मिसळलेला आहे त्यात कच्ची सोयाबीन पेंड कदापि घालू नये. युरिएज जिवंत असल्यास युरियाचा अमोनिया झपाट्याने सुटतो, खाद्य उग्र वासाने नासते व जनावरास बाधा होण्याचा धोका वाढतो.

कित्येक सभासद म्हणतात की, सरकारी तपासनीस असताना ही उठाठेव आपण का करावी. तपासनीस जिल्ह्याला किती, व गिरण्या किती, याचा हिशेब त्यांनीच करावा. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. विकराची परीक्षा आच सांगते, स्वच्छता सांगत नाही. उत्तम भाजलेली पेंड ओल्या कोठारात ठेवली तर तिला बुरशी येईल, आणि बशी मात्र निर्दोष दिसेल. तापविलेले दूध घाणेरड्या नळीतून गेले तरी त्यातील फॉस्फटेज मेलेलेच राहील. इतकेच नव्हे, फार प्रखर आचेने तापविलेल्या सायीत ते विकर काही काळाने अंशतः पुन्हा जागे झालेलेही आढळते. हे सर्व खरे. परंतु एक साक्षीदार सर्व खटल्यांत साक्ष देत नाही म्हणून त्याला ज्या खटल्यात माहिती आहे त्यातही बोलावू नये, हे तर्कशास्त्र आमच्या गळी उतरत नाही.

मंडळाच्या कार्यकारी समितीपुढे आम्ही असा ठराव ठेविला आहे की, फिनॉल रेड, रसायनविक्रेत्याकडील शुद्ध युरिया, काचेच्या बशा व सामू मोजण्याचे एक लहान यंत्र मंडळाने विकत घ्यावे. सोयाबीन पेंडीची एकत्र खरेदी होईल तेव्हा बशीत पार झालेलाच माल स्वीकारला जाईल अशी अट आधीच लेखी घालावी. आणि प्रत्येक खेपेचा नमुना तीन भागांत मोहोरबंद करून एक विकणाऱ्यास द्यावा, एक मंडळाने ठेवावा व तिसरा वाद पडल्यास प्रयोगशाळेकडे पाठवावा. समितीच्या काही सदस्यांचे म्हणणे की, अशी अट घातल्यास गिरणीवाले दर चढवितील. चढवितीलही. तीन आठवडे खाऊन न वाढलेल्या पिलांचा दर त्यांनी त्यात मिळवून पाहावा.

ठराव मंजूर होईपर्यंत ज्या सभासदांस आपल्याजवळील पेंड तपासून पाहावयाची असेल, त्यांनी पोत्याच्या तोंडाचा, मधला व तळाचा असा मिळून पाव किलो नमुना कोरड्या बाटलीत घालून, खरेदीची तारीख वर लिहून, मंडळाच्या कचेरीत आणून द्यावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बशा मांडल्या जातील. ज्याचा नमुना असेल त्याने स्वतः हजर राहावे.